वीरगळ, नामफलक आणि माणगावचा पुतळा

रणात पडलेल्या योद्ध्याचे स्मरण दगडात करून ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात किमान हजार वर्षांची आहे. परंतु त्या दगडावर नेमके काय कोरायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने वेगळे दिले. एका काळाने पराक्रम कोरला आणि नाव सोडून दिले, दुसऱ्याने नाव कोरले आणि पराक्रम सोडून दिला, तर एका काळाने दोन्ही वगळून केवळ संख्या कोरली. मारला गेलेला माणूस कोण, कोणत्या गावचा आणि किती वर्षांचा होता, ही माहिती स्मारकाच्या कक्षेत फार उशिरा आली, आणि आली तेव्हाही सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. या उणिवा भरून काढण्याचे काम बहुतेक वेळा गावांनी आणि घराण्यांनी केले, आणि म्हणूनच स्मारकांचा इतिहास हा केवळ ती उभारणाऱ्या सत्तांचा इतिहास ठरत नाही.

या प्रथेचे सर्वांत जुने आणि विपुल साधन म्हणजे वीरगळ, अर्थात युद्धात, गोधनाच्या रक्षणात किंवा दरोडेखोरांशी झालेल्या झटापटीत मरण पावलेल्या वीराच्या स्मृतीसाठी उभारलेली शिळा. शिलाहार आणि यादव काळातील वीरगळ कोकणापासून मराठवाड्यापर्यंत मंदिरांच्या आवारात, वेशीपाशी आणि तळ्यांच्या काठी आढळतात. शिळेचे सहसा तीन किंवा चार आडवे कप्पे केलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात: तळाच्या कप्प्यात धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर लढाईचा प्रसंग, त्याच्याही वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा, म्हणजे कैलासपदाला पोहोचलेला तोच वीर. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य कोरलेले असतात, कारण आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर ही कीर्ती टिकावी, असा त्यामागील संकेत आहे. गाई कोरलेल्या असतील तर वीर गोधनासाठी लढला असे समजावे. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील काही वीरगळांवर तर वल्ही मारणाऱ्या खलाशांसह युद्धनौकांच्या रांगा आहेत, आणि तेराव्या शतकात यादव व शिलाहार यांच्यात झालेल्या संघर्षाशी अनेक अभ्यासकांनी त्यांचा संबंध जोडला आहे.

कर्नाटकातील वीरगळांवर लेख वारंवार आढळतात, आणि त्यांतून वीराचे नाव, त्याचा स्वामी व प्रसंग कळतो; महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखविरहित आहेत. शिल्पकाराने वीराला वयही दिले नाही, कारण स्वर्गारोहण करणाऱ्या पुरुषाची आकृती ठरावीक साच्याची असे. ज्या गावाने दगड उभा केला त्या गावाला नाव सांगण्याची गरज नव्हती, आणि दोनचार पिढ्यांत ते नाव लोपले. तरीही दगड उपेक्षित राहिला नाही. गावकऱ्यांनी त्याला शेंदूर लावला, त्याला वीर किंवा म्हसोबा म्हटले आणि नैवेद्य दाखवला. विशिष्ट योद्ध्याची ओळख पुसली गेली, पण त्याच्या जागी गावाचा राखणदार उभा राहिला.

घराण्याच्या पातळीवर हीच स्मृती टाकाच्या रूपाने टिकली. टाक म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली लहान प्रतिमा. देवघरात कुलदैवतांच्या टाकांबरोबर घराण्यातील वीरगती मिळालेल्या किंवा अकाली गेलेल्या पूर्वजाचाही टाक ठेवला जातो, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, वीर नाचवण्याचा विधी अनेक घराण्यांत होतो. नाशिक येथे त्या दिवशी वाजतगाजत निघणारी वीरांची मिरवणूक गोदावरीच्या काठी जाते. तिच्यातील दाजीबा वीर हा बाशिंगे वीर म्हणूनही ओळखला जातो, कारण अंगाला हळद लागलेली असताना मारल्या गेलेल्या एका तरुणाची आख्यायिका त्याच्याशी जोडलेली आहे. वीरगळाच्या शिल्पाने जे वय सांगितले नाही ते या लोकविधीने बाशिंगातून सांगितले: मृत्यूचे दुःख येथे पराक्रमापेक्षा अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याशी निगडित आहे.

सामान्य शिपायाचे नाव दगडावर येण्याचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे कोरेगाव भीमा येथील जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी झालेल्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या विजयाची खूण म्हणून तो उभारला, आणि त्यावर कंपनीच्या बाजूने मारल्या गेलेल्या ४९ जणांची नावे कोरली. त्यांपैकी २२ नावे महार शिपायांची आहेत. कंपनीच्या दृष्टीने ही नावे तिच्या विजयाची साक्ष होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा मात्र त्याच नावांना वेगळा अर्थ आला, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दिलेल्या भेटीनंतर स्तंभ स्वाभिमानाच्या चळवळीचे ठिकाण बनला. नाव कोरलेले असल्यामुळेच वंशजांना आणि समाजाला त्यावर हक्क सांगता आला.

पहिल्या महायुद्धात हा हक्क सर्वांना मिळाला नाही. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमधून १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे त्या वेढ्यात अडकल्या, आणि शरणागतीनंतर कैदेतही अनेक शिपाई दगावले. मृत सैनिकांच्या स्मारकांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनने हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद न करण्याचे तत्त्व स्वीकारले होते. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये अनावरण झालेल्या स्मारकावर त्यानुसार ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे कोरली गेली. बसरा येथील १९२९ च्या स्मारकावर मात्र अधिकाऱ्यांची नावे आली आणि साध्या भारतीय शिपायांची केवळ पलटणवार संख्या देण्यात आली. याच संस्थेचे आजचे रूप असलेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली, आणि आशिया-आफ्रिकेतील किमान १,१६,००० मृतांची स्मारकावर नावानिशी नोंद झाली नसावी, किंवा मुळीच नोंद झाली नसावी, असा अंदाज दिला.

संख्येची हीच भाषा गावोगावी लावलेल्या युद्धस्मारकशिलांवरही दिसते. या गावातून महायुद्धास किती पुरुष गेले आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले, एवढाच त्यांचा ठरावीक मजकूर असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ सैनिक गमावले आणि सरकारने तेथे स्मारक उभारले. सरकारच्या लेखी ४६ हा आकडा निष्ठेचे माप होते; गावाच्या लेखी प्रत्येक आकड्यामागे एक घर होते, आणि अपशिंगे मिलिटरी या नावातच गावाने ती परंपरा आपली ओळख म्हणून धारण केली.

दुसऱ्या महायुद्धातील नाईक यशवंत घाडगे यांच्या बाबतीत पराक्रम, नाव आणि गाव ही तिन्ही अंगे नोंदली गेली, पण ती एकाच ठिकाणी आली नाहीत. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव येथे १६ नोव्हेंबर १९२१ रोजी जन्मलेले घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्वजण ठार किंवा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच मोर्च्यावर धावून गेले, हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालवणारा शत्रू निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास वेळ नसल्याने तिची नळी धरून दस्त्याच्या प्रहारांनी उरलेल्या दोघांना मारले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरगती मिळाली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च युद्धशौर्यपदक, त्यांना मिळाले तेव्हा हा सर्व तपशील सन्मानपत्रात नोंदला गेला. मृत्यूसमयी त्यांचे वय २२ होते.

त्यांचा देह मिळाला नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, जेथे कबर नसलेल्या ४,००० हून अधिक सैनिकांची नावे आहेत, त्यांचे नाव आहे. पण अशा नामफलकावर पराक्रमाला जागा नसते आणि ते ठिकाण पळसगावच्या माणसांच्या आवाक्याबाहेरचे आहे. माणगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारातील त्यांच्या पुतळ्याने ही उणीव भरून काढली, कारण त्यामुळे घराच्या परिसरातील माणसांना आदरांजली वाहण्यासाठी एक जागा मिळाली. तिबर खोऱ्यातील मोंतोने या इटालियन गावानेही २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे, सूर्यतबकडीच्या स्वरूपाचे स्मारक उभारले. जेथे ते लढले त्या प्रदेशाने त्यांचे नाव घ्यावे, हे घडण्यास जवळपास आठ दशके लागली.

स्वातंत्र्यानंतर १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मृत जवानांवर सहसा आघाडीवरच अंत्यसंस्कार होत, आणि घरी येई ती तार व सामानाची पेटी. १९९९ च्या कारगिल युद्धापासून पार्थिव गावी आणण्याची पद्धत रूढ झाली आणि स्मारकाचे स्थान पुन्हा गावाकडे सरकले: बंदुकीच्या फैरींची मानवंदना, तिरंग्यात लपेटलेली शवपेटी आणि पंचक्रोशीतून लोटलेला जनसमुदाय यांच्या साक्षीने जेथे अग्नी दिला जातो, तेथेच किंवा शाळेच्या आवारात पुढे अर्धपुतळा उभा राहतो. त्यावर जन्मतारीख आणि वीरगतीची तारीख शेजारी शेजारी कोरलेल्या असतात. नवी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले, आणि त्याच्या त्यागचक्रातील ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळातील २५,००० हून अधिक सैनिकांची नावे आहेत; गावातील एकटे नाव आणि राष्ट्राच्या यादीतील नाव अशी दुहेरी नोंद आता नियमित झाली आहे.

या दीर्घ प्रवासाला निव्वळ प्रगती म्हणता येत नाही, कारण वीरगळात असलेली एक गोष्ट नामफलकात नाही: तो वीर कशासाठी मेला हे वीरगळ पाहणाऱ्याला थेट सांगतो, तर फलकावरील नावामागची कथा शोधावी लागते. परंतु वीरगळाने ज्याला निनावी देवत्व दिले आणि बसऱ्याच्या भिंतीने ज्याला आकड्यात जमा केले, तो सैनिक आज नाव, गाव आणि वय असलेला कुणाचा तरी मुलगा म्हणून स्मरला जातो. हा बदल एकट्या शासनाने केलेला नाही. टाक पुजणाऱ्या घराण्यांनी, स्तंभावरील नावांवर हक्क सांगणाऱ्या समाजाने आणि परदेशात हरवलेल्या माणसाला आपल्या तालुक्यात जागा देणाऱ्यांनी तो घडवला. म्हणून युद्धस्मारकांचा अभ्यास करताना ती कोणी आणि केव्हा उभारली याइतकेच, पुढे ती कोणी आपली मानली, हेही विचारात घ्यावे लागते.