मुंबई पोलीस : गुन्हे तपास आणि पीडित साहाय्य

बृहन्मुंबईच्या हद्दीत घडलेल्या गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे, पुरावा गोळा करणे, संशयितास अटक करणे व न्यायालयात दोषारोपपत्र सादर करणे, तसेच या काळात गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीस संरक्षण, माहिती आणि मदत मिळवून देणे, या कामांची व्यवस्था. १ जुलै २०२४ पासून हे काम मुख्यतः भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम (सर्व २०२३) या तीन कायद्यांनुसार चालते. दलाची रचना व अधिकार यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चा आधार आहे. भारतीय कायद्याने केवळ पोलिसांच्या शब्दावर शिक्षेचा पाया उभारू दिलेला नाही. त्यामुळे तपासाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर पंच, दंडाधिकारी, डॉक्टर किंवा प्रयोगशाळा असा पोलिसांबाहेरचा साक्षी गुंतवलेला असतो.

इतिहास : सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने बेटावरील भंडारी समाजातील लोकांचे रखवाली दल उभारले, तेथपासून मुंबईतील पोलीस व्यवस्थेचा इतिहास सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चार्ल्स फोर्जेट याने तिला शिस्तबद्ध रूप दिले आणि १८६४ मध्ये फ्रँक सूटर हा शहराचा पहिला पोलीस आयुक्त झाला. क्रॉफर्ड मार्केटसमोरील मुख्यालयाची इमारत १८९६ पासून वापरात आहे. १९०९ मध्ये आयुक्तपदी आलेल्या एस. एम. एडवर्ड्स याच्या कारकिर्दीत गुन्हे अन्वेषणासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. आजच्या गुन्हे शाखेचे ते पूर्वरूप होय.

संघटना : शहर दक्षिण, मध्य, पश्चिम, पूर्व व उत्तर अशा पाच प्रादेशिक विभागांत विभागलेले असून प्रत्येक विभाग अपर आयुक्ताकडे, त्यातील परिमंडळे उपायुक्तांकडे आणि त्यांखालील विभाग सहायक आयुक्तांकडे असतात. नव्वदहून अधिक पोलीस ठाण्यांपैकी प्रत्येकाचा प्रमुख वरिष्ठ पोलीस निरीक्षक असतो. बहुसंख्य गुन्ह्यांचा तपास ठाण्यातच होतो व त्यासाठी ठाण्याचे स्वतःचे गुन्हे प्रकटीकरण पथक असते. गंभीर, गुंतागुंतीचे अथवा अनेक ठाण्यांच्या हद्दींत पसरलेले गुन्हे सहआयुक्त (गुन्हे) यांच्या हाताखालील गुन्हे शाखेकडे जातात. तिचे कक्ष, ज्यांना बोलीत युनिट म्हणतात, शहरभर वाटलेले असून खंडणीविरोधी पथक व अमली पदार्थविरोधी कक्ष हे तिचे विशेष घटक आहेत. मोठ्या रकमांच्या फसवणुकीसाठी आर्थिक गुन्हे शाखा, तर ऑनलाइन गुन्ह्यांसाठी पाचही प्रादेशिक विभागांत सायबर पोलीस ठाणी आहेत. उपनगरी गाडीत वा रेल्वेच्या आवारात घडलेला गुन्हा मात्र लोहमार्ग पोलिसांच्या स्वतंत्र आयुक्तालयाकडे जातो.

गुन्ह्याची नोंद : ज्या गुन्ह्यात पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना तपास व वॉरंटाविना अटक करता येते तो दखलपात्र गुन्हा, व जेथे असा आदेश लागतो तो अदखलपात्र गुन्हा. दखलपात्र गुन्ह्याची पहिली नोंद म्हणजे प्रथम खबरी अहवाल (एफआयआर). तो नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केले. तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नव्या संहितेने दिली आहे. गुन्हा अन्य ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी खबर नाकारता येत नाही. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग केली जाते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. अहवालाची प्रत खबर देणाऱ्यास किंवा पीडितास विनामूल्य मिळते, आणि ठाण्याने नोंद नाकारल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे व त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. संशयास्पद वा अपघाती मृत्यूची प्रथम अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते. मृतदेहाचा मरणोत्तर पंचनामा करून तो शवविच्छेदनासाठी पाठवला जातो आणि घातपात दिसून आल्यास खुनाचा गुन्हा दाखल होतो.

तपासाची पद्धत : घटनास्थळ सुरक्षित करून दोन वा अधिक पंचांसमक्ष पंचनामा करणे हे तपास अधिकाऱ्याचे पहिले काम होय. पंच म्हणजे जे दिसले व जप्त झाले त्याला दुजोरा देणारी त्रयस्थ व्यक्ती. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आता आवश्यक असून, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही संहितेत आहे. जप्त मुद्देमाल लाखबंद करून ठाण्यात ठेवला जातो आणि रक्त, विष, डीएनए अशा तपासण्यांसाठी नमुने कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवले जातात. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी अचूक अहवालही न्यायालयात निरुपयोगी ठरू शकतो.

साक्षीदारांचे जबाब पोलीस नोंदवतात, परंतु त्यांवर साक्षीदाराची सही घेता येत नाही व ते स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. साक्षीदार न्यायालयात वेगळे बोलल्यास विसंगती दाखवण्यापुरताच त्यांचा उपयोग होतो. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून हत्यार वा चोरीचा माल सापडल्यास त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य असतो, म्हणूनच पंचांसमोर आरोपीचा निवेदन पंचनामा लिहून मगच त्याला घेऊन शोधास निघण्याची रीत आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा (मकोका) या नियमाला अपवाद असून त्यात उपायुक्त वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरली जाते. हीच तरतूद त्या कायद्यावरील टीकेचा प्रमुख विषय राहिली आहे.

हद्दीतील खबऱ्यांचे जाळे आणि रेकॉर्डवरील, म्हणजे पूर्वी नोंद असलेल्या, गुन्हेगारांची माहिती हा मुंबईतील तपासाचा जुना आधार होय. त्यास आता दूरध्वनीच्या तपशिलांची व २०१६ पासून शहरभर बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या जाळ्याची जोड मिळाली आहे. मागे राहिलेल्या वस्तूवरून माग काढण्याचे ठळक उदाहरण म्हणजे १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट. वरळीत बेवारस सापडलेल्या शस्त्रे असलेल्या मारुती गाडीच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाब याने कबुली नंतर नाकारली, तरी प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर टिपलेली छायाचित्रे यांमुळे खटला केवळ कबुलीवर अवलंबून राहिला नाही.

अटक केलेल्या व्यक्तीस २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते आणि पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांहून अधिक मिळत नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास कोठडीतील आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो. पुरावा न मिळाल्यास पोलीस समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची शिफारस करणारा अहवाल, पाठवतात : गुन्हा खरा पण आरोपी सापडत नसल्यास ‘अ’, तक्रार द्वेषबुद्धीने खोटी असल्यास ‘ब’ आणि ती गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असल्यास ‘क’. ही वर्गवारी मुंबई प्रांताच्या परंपरेतून आलेली आहे. समरी मान्य करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने फिर्यादीचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

पीडित साहाय्य : जुन्या प्रक्रियेत पीडित व्यक्ती प्रथम फिर्यादी व पुढे सरकारपक्षाची साक्षीदार एवढ्यापुरतीच मोजली जाई. तिला हक्क असतात हे कायद्यात टप्प्याटप्प्याने आले, आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातीलच मथुरा प्रकरणाचा होता. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यातच झालेल्या बलात्काराच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर उठलेल्या आंदोलनातून १९८३ च्या दुरुस्त्या झाल्या आणि पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची खबर आज महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. तिचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे घेतला जातो, तिच्या संमतीने २४ तासांत वैद्यकीय तपासणीसाठी पाठवले जाते आणि असा तपास दोन महिन्यांत पूर्ण करावा लागतो. रुग्णालयाने, मग ते खासगी असो वा सरकारी, तिच्यावर तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अधिकाऱ्याने गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी जबाब घ्यायचा असतो व प्रकरण २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडितास कळवण्याचे बंधन नव्या संहितेने सर्वच गुन्ह्यांना लागू केले आहे.

समुपदेशनाचे काम पोलिसांनी एकट्याने करावे अशी रचना नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवण्याचा हा प्रयोग पुढे राज्यभर व अन्य राज्यांत स्वीकारला गेला. वांद्रे येथील भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्र हा त्याच धर्तीचा महापालिका व ‘सेहत’ संस्था यांचा उपक्रम आहे. राज्य शासनाची २०१३ ची मनोधैर्य योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला यांतील पीडितांना अर्थसाहाय्य देते. तिची कमाल मर्यादा पुढे १० लाख रुपये करण्यात आली. अन्य गुन्ह्यांतील भरपाईचे काम विधी सेवा प्राधिकरणाकडे असते. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १०३, बालकांसाठी १०९८ व सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. शेवटच्या क्रमांकावर लवकर तक्रार केल्यास पुढील खात्यांत गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता वाढते.

मर्यादा : ठाण्यातील तपास अधिकाऱ्यालाच बंदोबस्त, न्यायालयातील हजेरी व तपास ही सारी कामे करावी लागत असल्याने कागदपत्रे रेंगाळतात, आणि खटला वर्षानुवर्षे लांबल्यास पंच व साक्षीदार फितूर होण्याची भीती वाढते. साक्षीदार संरक्षण योजना करणे आता राज्यांवर बंधनकारक आहे. तथापि या तरतुदींचा लाभ पीडितास प्रत्यक्ष मिळणे पुष्कळ अंशी पहिल्या भेटीवर अवलंबून असते : खबर नोंदली गेली तरच पुढील तपासणी, भरपाई व संरक्षण यांची दारे उघडतात, ती टाळली गेली तर दाद मागण्याचा भार आधीच खचलेल्या व्यक्तीवरच पडतो.