जे कूपन हाती लागतं ते वापरलेलं नसतं

आपल्याकडे कूपन म्हटलं की लकी ड्रॉचं आठवतं, फार तर कँटीनमधल्या थाळीचं. अमेरिकेत मात्र किराण्याचं कूपन हे शंभर वर्षांहून जुनं, घराघरातलं प्रकरण आहे. वर्तमानपत्रातून कापलेला कागदाचा चौकोन काउंटरवर द्यायचा, की साबणाच्या किंवा कॉर्नफ्लेक्सच्या किमतीतून अमुक सेंट कमी. सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. कोका-कोलाने फुकट ग्लासाची तिकिटं वाटली, आणि पुढे किराण्यातल्या कंपन्यांनी हीच युक्ती उचलली. हा इतिहास कुठेही वाचायला मिळतो, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते साधनांबद्दल. संशोधनाच्या तयारीत असाल तर हा कागद तुम्हाला बरंच काही शिकवेल.

आधी त्याचा प्रवास बघा. गृहिणी कूपन कापते, दुकानदाराला देते. दुकानदाराकडे अशी हजारो कूपनं साठतात. त्याला ती वेगवेगळ्या कंपन्यांकडून वटवून घ्यायची असतात आणि हे काम अतिशय किचकट. म्हणून मधे एक यंत्रणा उभी राहिली. १९५७ साली नील्सन कंपनीने कूपन मोजून, वेगळी करून हिशेब लावण्याचं केंद्र सुरू केलं. नंतर हे मोजणीचं बरंचसं काम सीमेपलीकडे मेक्सिकोत गेलं, कारण तिथे मजुरी स्वस्त. कंपनी दुकानदाराला कूपनवरची रक्कम देते, शिवाय हाताळणीचे काही सेंट वर. एकदा हिशेब झाला की कागद रद्दी.

आता गंमत लक्षात येते का? ज्या कूपनने आपलं काम केलं ते नष्ट झालं. संग्राहकांच्या वहीत, जुन्या मासिकांच्या पानांत, ग्रंथालयात जे उरलंय ते न वापरलेलं. वटलेली हुंडी निदान पेढीच्या दप्तरात पुरावा म्हणून राहू शकते. कूपनचं तसं नाही. म्हणजे काटकसरीचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती पडतात ती काटकसर न झाल्याची साधनं. 'जे टिकलं ते नेहमीचं होतं' असं आपण नकळत गृहीत धरतो. इथे नेमकं उलटं आहे.

बरं, मग आकडे घेऊ. १९९२ च्या सुमारास अमेरिकेत कूपन वाटपाने कळस गाठला: वर्षाला सुमारे ३१ हजार कोटी कूपनं वाटली गेली, आणि त्यातली वटली जेमतेम शंभरात दोन-तीन. पण वटलेलं प्रत्येक कूपन कुणा ग्राहकाने वापरलंच असेल असंही नाही. १९७७ मध्ये टपाल खात्याच्या तपासनिसांनी न्यूयॉर्क परिसरातल्या वर्तमानपत्रांत 'ब्रीन' नावाच्या डिटर्जंटचं कूपन छापलं. ब्रीन नावाचं डिटर्जंट बाजारात नव्हतंच! तरी हजारो कूपनं वटवायला आली. काही लोक वर्तमानपत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कापून, मालाची विक्री न होताच कंपन्यांकडून पैसे काढत होते. तेव्हा 'इतकी कूपनं वटली, म्हणजे इतक्या घरांनी बचत केली' हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी ब्रीन आठवायचं.

या सगळ्या मोजणीत एक गोष्ट कुठेच येत नाही, आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे: घरातलं काम. रविवारचा पेपर चाळायचा, कात्री चालवायची, अ‍ॅकॉर्डियनसारख्या उघडणाऱ्या फायलीत दूध, साबण, डबाबंद माल असे कप्पे करायचे, मुदत संपत आलेली पुढे आणायची, कोणतं दुकान कूपनची किंमत दुप्पट धरतं ते लक्षात ठेवायचं. १९७० च्या दशकात तर बायका डब्यांची लेबलं आणि खोक्यांची झाकणंही जपत. ती कंपनीला पाठवली की थोडे पैसे परत येत. सुझन सॅमटर यांनी १९७३ मध्ये यासाठीच 'रिफंडल बंडल' नावाचं वार्तापत्र सुरू केलं. हे अक्षरशः दफ्तरखान्याचं काम होतं, फक्त पगाराविना.

आणि हे कष्ट म्हणजे कूपनमधली त्रुटी नव्हे, कूपन चालतं तेच त्यांच्यावर. १९८४ मध्ये चक्रवर्ती नरसिंहन यांनी 'मार्केटिंग सायन्स'मधल्या लेखात हे मांडलं. ज्याला पैशाची ओढ आहे आणि ज्याचा वेळ तुलनेने स्वस्त आहे तो कापाकापी करेल, बाकीचे पूर्ण किंमत देतील. एकाच साबणाच्या दोन किमती, आणि मधली चाळणी म्हणजे तुमची मेहनत. सगळ्यांनाच कूपन सहज मिळालं तर कंपनीला त्याचा उपयोग उरत नाही. 'वेळ स्वस्त' हा शब्दप्रयोग मला खटकतो. कुणाचा वेळ, आणि स्वस्त कुणी ठरवला? पण सिद्धांत म्हणून तो पक्का आहे.

मग कंपन्यांनीच कूपन बंद करून सरळ भाव उतरवला तर? १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूस भागात हा प्रयोग केला. कागदोपत्री शहाणपणाचा. लोक मात्र खवळले. निषेध झाले, सह्या गोळा झाल्या आणि १९९७ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. कंपन्यांनी मिळून कूपनं बंद केल्याच्या आरोपावरून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने चौकशी केली. ती तडजोडीत मिटली आणि ग्राहकांना ४२ लाख डॉलरची कूपनं द्यायचं ठरलं. अर्थशास्त्रज्ञाला हे वेडेपण वाटेल. मला वाटतं, वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य एका फटक्यात निरुपयोगी होत होतं, आणि तो राग भावात मोजता येत नाही. इतिहासासाठी हा तंटा मोलाचा, कारण एरवी गप्प असलेलं स्वयंपाकघर इथे तक्रारीच्या रूपाने कागदावर आलं.

अजून एक जागा: कूपनवरची बारीक अक्षरं. 'रोख मूल्य सेंटचा शंभरावा भाग' असलं हास्यास्पद वाक्य का छापतात? कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुकानदार खरेदीवर बक्षिसाची तिकिटं देत, आणि काही राज्यांनी कायदे करून त्यांना रोख किंमत असलीच पाहिजे असं ठरवलं. कूपनही त्यात सापडलं. ती तिकिटं गेली, वाक्य राहिलं.

सध्या कूपन फोनमध्ये आलंय आणि चित्र उलटलंय. वापरलेल्या कूपनची तारीख, वेळ, दुकान, सोबत काय घेतलं, सगळं नोंदलं जातं. न वापरलेलं मुदत संपली की पडद्यावरून नाहीसं होतं. फक्त ती नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि तिथे वाचनकक्ष नसतो.