गेज लावल्याशिवाय कळत नाही

११ जुलै १९९१, सकाळचे आठ वाजून गेलेत. जेद्दाच्या विमानतळावर तुम्ही एका डीसी-८ विमानाच्या पोटाखाली उभे आहात. हज यात्रा पूर्ण करून नायजेरियातल्या सोकोटोला परत निघालेले २४७ यात्रेकरू वर बसले आहेत. विमान कॅनडाच्या नेशनएअर कंपनीचं, नायजेरिया एअरवेजसाठी उडणारं. कर्मचारी चौदा.

जरा वाका. डाव्या बाजूला चार चाकं आहेत, दोन-दोनच्या जोड्यांत. टायरवरून हात फिरवा. मोटारीच्या टायरवर असते तशी नक्षी इथे नाही, नुसत्या सरळ खाचा आहेत. विमानाला पुढे ढकलतात ती इंजिनं, चाकं नव्हेत. खाचांचं काम ओल्या धावपट्टीवरचं पाणी बाजूला काढण्याचं.

आता अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखा लागतो. मोटारीच्या टायरमध्ये ३२ पीएसआयच्या आसपास हवा असते, इथे दोनशेच्या जवळपास. पूर्ण भरलेलं हे विमान सुमारे १४७ टनांचं, आणि जवळजवळ सगळं वजन आठ मुख्य चाकांवर. म्हणजे एकेका टायरवर सोळा-सतरा टन. ते वजन पेलतो आत कोंडलेला वायू. रबर आणि नायलॉनचे थर त्या वायूला धरून ठेवतात, इतकंच.

एका आसावरचे हे दोन टायर बघा, क्रमांक एक आणि दोन. दोन्ही सारखेच फुगलेले दिसतात. पण दोन नंबरमध्ये दाब कमी आहे. तो बसलेला दिसत नाही, कारण त्याच्या वाटचा भार शेजारच्याने उचललाय. अशा जोडीत नजरेचा उपयोग नाही. गेजच लावावा लागतो.

गेज लावला गेलाही होता. थोडं मागे जा, उड्डाणाच्या आधी. मुख्य मेकॅनिकला दोन आणि चार नंबरच्या टायरमधला दाब कमी आढळलाय आणि तो नायट्रोजन शोधतोय. साधी हवा का भरत नाही? आणखी मागे जा, ३१ मार्च १९८६ ला, मेक्सिकोत. मेक्सिकानाच्या बोइंग ७२७ मध्ये एका टायरात साधी हवा भरलेली होती. ब्रेक तापला, टायर तापला, आतल्या रबरातून वाफा निघाल्या आणि हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडून टायर उडत्या विमानात फुटला. १६७ माणसं गेली. नायट्रोजन जळण्याला मदत करत नाही, कोरडा असतो, म्हणून तोच लागतो. जेद्दात तो लगेच मिळत नाही. वाट बघायची तर विमानाला उशीर होणार, आणि तो उशीर वरिष्ठांना नको आहे.

परत ११ तारखेला या. विमान हलतं. धावपट्टीपर्यंतचा रस्ता लांबलचक. दाब कमी असलेला टायर आणि जादा भार पेलणारा त्याचा जोडीदार, दोघंही दर फेऱ्याला प्रमाणाबाहेर दबतात आणि सुटतात. तार पुन्हापुन्हा वाकवली की गरम होते, तसंच हे रबर आतून तापतं. ब्रेक तापले तर वितळून वायू सोडून देणारी बुचं चाकात असतात, पण रबराच्या पोटातली ही उष्णता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

विमान पळू लागल्यावर थोड्याच वेळात एक नंबर फुटतो, पाठोपाठ दोन नंबर. दोन नंबरचं चाक फिरायचं थांबतं आणि धावपट्टीवर घासत राहतं. आग लागते. विमान उडतं, आणि नेहमीप्रमाणे चाकं पोटात घेतली जातात. त्यांच्याबरोबर आगही. दहा मिनिटांच्या आसपास विमान परतण्याची धडपड करतं, पण धावपट्टीच्या तीनएक किलोमीटर अलीकडे कोसळतं. २६१ जणांपैकी कोणीही वाचत नाही.

आता आजच्या काळात या. टायरमधला दाब रोज तपासायचा, तोही टायर थंड असताना. विमान उतरल्यावर निदान दोन-तीन तास थांबून. ठरल्या दाबापेक्षा तो फार खाली गेलेला आढळला, तर तो टायर तर काढायचाच, पण त्याच्या आसावरचा जोडीदारही काढायचा, दिसायला कितीही धडधाकट असला तरी. त्याने दुसऱ्याचं वजन किती सोसलंय, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

ही तपासणी म्हणजे कागद भरण्याची रीत नव्हे. त्या दाबावर विमान उभं असतं. टायरच्या कामासाठी विमान तासभर उशिरा सुटणार असं कधी कानावर आलं, तर चिडू नका. मेकॅनिकने मागितलेला तो वेळ त्याला मिळालाच पाहिजे. जेद्दाला तो मिळाला नव्हता.