ट्रायटन: उरलेल्या फ्रेमची गोष्ट

नॉर्टनची फ्रेम, ट्रायम्फचं इंजिन, म्हणून नाव ट्रायटन. १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडमधली तरुण मुलं ही मोटरसायकल स्वतःच जुळवायची. का? नेहमीचं उत्तर असं की, दोन्हींतलं उत्तम तेवढं घेतलं.

ते चूक नाही. रेक्स मॅककँडलेस यांची ‘फेदरबेड’ फ्रेम वळणावर पक्की. ती वापरून १९५० च्या आइल ऑफ मॅन टीटीत नॉर्टनने सीनियर आणि ज्युनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक घेतले. ट्रायम्फच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची परंपरा एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ च्या ‘स्पीड ट्विन’पासूनची.

पण आता बघा, शर्यतीची महागडी फ्रेम सुटी मिळायचीच कशी? याचं उत्तर मोटारींच्या शर्यतीत सापडतं. ५०० सीसीच्या फॉर्म्युला थ्री गाड्यांना नॉर्टन मँक्सचं इंजिन हवं असायचं, आणि कंपनी नुसतं इंजिन विकत नसे. मग अख्खी मँक्स विकत घ्यायची, इंजिन काढायचं, फ्रेम उरायची. पुढे रस्त्यावरच्या डॉमिनेटर गाड्यांच्या फ्रेमही वापरल्या गेल्या.

म्हणजे काय, तर लोकांना काय हवं होतं हे गुणवत्तेवरून कळतं. त्यांच्या हाती काय पडलं, हे शोधायला शेजारच्या क्षेत्रात डोकवावं लागतं. तुमच्या विषयात ‘चांगलं होतं म्हणून रुजलं’ असं वाक्य दिसलं, की तिथेच थांबा. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्या पुढच्याच पायरीवर असतो.