लांब नळ्या की आखूड? मसल कारच्या हेडरची हकीकत

जुनी अमेरिकन मसल कार बाळगणाऱ्या हौशी मंडळींत एक वाद कधी संपत नाही : इंजिनाला लाँग-ट्यूब हेडर बसवावेत की शॉर्टी? या वादातला दुसरा पर्याय मुळात जन्माला कसा आला, याची ही हकीकत. (थ्रेड)

प्रथम हेडर म्हणजे काय ते पाहू. मोटारसायकलच्या इंजिनातून निघून सायलेन्सरकडे वळणाऱ्या नळीला आपल्याकडचे मेकॅनिक ‘बेंड पाइप’ म्हणतात. व्ही-८ इंजिनाच्या प्रत्येक बाजूला चार सिलिंडर असतात. त्या चौघांचे चार बेंड पाइप पुढे एका जाड नळीत, म्हणजे कलेक्टरमध्ये, एकत्र आणले की झाला हेडर. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत त्या जागी बहुधा बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड असे. तो स्वस्त, टिकाऊ आणि आवाजाला कमी. पण चारही सिलिंडरांचा धूर त्याच्या एकाच अरुंद पोकळीत कोंबला जाई.

नळीच्या लांबीला एवढे महत्त्व का? मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा धूर सोडतो. दर वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते. कलेक्टरपाशी नळी एकदम रुंद होते. तेथून ती लाट माघारी फिरते, पण आता कमी दाबाची होऊन. व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात असताना ती परत पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि नुकत्याच उघडू लागलेल्या इनटेक व्हॉल्व्हमधून ताजे मिश्रण आत खेचण्यास हातभार लावते. अडीच-तीन फुटांच्या नळीत हा मेळ इंजिनाच्या नेहमीच्या वापरातील फेऱ्यांत जमतो. नळी जेमतेम फूटभर असेल, तर लाट फार लवकर परतते आणि तिचा बहुतेक लाभ वाया जातो. थोडक्यात, निव्वळ शक्तीच हवी असेल तर आखूड नळीचा विचार करण्याचे कारणच नव्हते.

दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर गाड्या पळवणाऱ्या तरुणांना हे गणिताआधी अनुभवाने कळले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या छंदाचा धंदा झाला. हेडमन, हूकर यांसारखे उत्पादक तयार हेडर विकू लागले. १९६४ साली पाँटिअॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे मोठे इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली. जनरल मोटर्सच्या अंतर्गत नियमानुसार या आकाराच्या गाडीत एवढे इंजिन चालत नसे, म्हणून तो वेगळा मॉडेल न दाखवता ‘ऑप्शन’ म्हणून विकला गेला! मसल कारचे युग येथूनच मोजण्याची प्रथा आहे. त्या काळी हेडर म्हटले की लांब नळ्यांचेच, असे गृहीत धरले जाई.

आता त्याच कॅलिफोर्नियातील दुसरी कथा. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे धुरके इतके दाट उतरले, की हा जपानचा विषारी वायूचा हल्ला असावा अशी शंका लोकांना आली. पुढे संशय कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद केला तरी धुरके हटेना. अननसाच्या स्वादद्रव्यांवर काम करणारा कॅलटेकमधील डच शास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट याने १९५० च्या सुमारास कोडे सोडवले : गाड्यांच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कडक उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. शहराचा गुन्हेगार शहराच्याच गॅरेजात उभा होता. १९६७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले, आणि हागन-स्मिट त्याचा पहिला अध्यक्ष झाला.

३१ डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांनी क्लीन एअर अॅक्टवर सही केली. १९७५ च्या मॉडेलांपर्यंत हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी घटवा, असा आदेश त्यात होता. मुदती पुढे सरकल्या. तरी १९७५ पासून बहुतेक अमेरिकन गाड्यांखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्या वर्षी कॉर्व्हेटचे मूळ इंजिन अवघ्या १६५ अश्वशक्तीचे होते. (मोजण्याची पद्धत १९७२ मध्ये बदलल्याने जुन्या आकड्यांशी त्याची सरळ तुलना करू नये, पण घसरण खरी होती.)

लांब नळ्यांची कोंडी येथे झाली. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करीत नाही. लांब हेडर बसवायचा तर मूळ कन्व्हर्टर मागे सरकवावा लागतो किंवा काढूनच टाकावा लागतो. मागे गेला की त्याच्यापर्यंत पोहोचणारा धूर थंडावतो. आणि सर्वाधिक प्रदूषण तर इंजिन गार असतानाच होते. आखूड हेडर मात्र जुन्या मॅनिफोल्डच्या जागी बसून पुढच्या मूळ नळीलाच जोडला जातो. कन्व्हर्टर जागचा हलत नाही.

१९८५ च्या मस्टँग जीटीमध्ये फोर्डने स्वतःच आखूड पोलादी नळ्यांचे हेडर दिले. ते इंजिन २१० अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. याच पिढीच्या मस्टँगभोवती शॉर्टी हेडरची मोठी बाजारपेठ उभी राहिली. कॅलिफोर्नियात चाचणीतून सूट मिळालेल्या सुट्या भागाला ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ क्रमांक मिळतो, आणि स्मॉग-तपासणीत तो क्रमांक पाहिला जातो. शॉर्टींना तो मिळवणे तुलनेने सोपे, कन्व्हर्टर हलवणाऱ्या लांब हेडरना फार कठीण. १९९० च्या दुरुस्तीने तर प्रदूषण-यंत्रणेशी छेडछाड करण्याची केंद्रीय बंदी खुद्द गाडीमालकालाही लागू झाली. वेगाच्या सामानाच्या उत्पादकांनी १९६३ साली काढलेल्या संघटनेने आपल्या नावातला ‘स्पीड’ शब्द काढून ‘स्पेशल्टी’ केला, हेही याच वातावरणाचे द्योतक मानता येईल.

शॉर्टीला ‘नुसता देखावा’ म्हणून हिणवणारे त्याची तुलना चुकीच्या वस्तूशी करतात. त्याची स्पर्धा बिडाच्या मॅनिफोल्डशी होती. शक्ती थोडीच वाढते, पण तो स्टिअरिंगच्या दांड्यात अडकत नाही, गतिरोधकावर घासत नाही, आणि गाडी कायद्याने रस्त्यावर राहते. उलट १९६९ च्या कॅमारोला कन्व्हर्टरच नव्हता. तिला लांब नळ्या नाकारण्याचे काही कारण नाही, जागा आणि उष्णता तेवढी सांभाळावी लागते. १९८७ च्या मस्टँगचा मालक मात्र शर्यतीच्या मैदानाबाहेर तसे करू शकत नाही.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना आज स्मॉग-तपासणीतून सूट आहे. त्यामुळे तेथे जुनी गाडी घेणारा जाणकार इंजिनाआधी नोंदणीपत्रावरचे मॉडेलचे वर्ष पाहतो.