उक्ती, कृती आणि प्रश्नावली : पर्यावरणस्नेही वर्तन मोजण्याचा इतिहास

१/१०
वाटेत पडलेला कचरा उचलणे ही आपली जबाबदारी आहे का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बिकमन यांनी हा प्रश्न ५०० जणांना विचारला. ९४ टक्के लोक ‘होय’ म्हणाले. मुलाखत संपवून निघताना त्यांच्या वाटेत मुद्दाम कचरा टाकून ठेवला होता. तो उचलला जेमतेम २ टक्के लोकांनी. हा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

२/१०
निसर्गाशी माणूस कसा वागतो, हे त्यालाच विचारून कळते का? या शास्त्राचा पुढचा सारा इतिहास ९४ आणि २ यांमधील अंतराशी झगडण्याचा आहे.

३/१०
हे अंतर पूर्वीच दिसले होते. १९३० पासून समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर एका चिनी दांपत्यासह अमेरिकाभर फिरले. २५१ हॉटेले व खाणावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. पुढे त्यांनी पत्राने विचारले, ‘चिनी पाहुणे स्वीकाराल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ असे कळवले. (निबंध : १९३४)

४/१०
तरीही प्रश्नावली मागे पडली नाही. ती स्वस्त होती, सोपी होती. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पायऱ्यांची मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्येच दिली होती. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन झाला आणि लोकांची पर्यावरणाविषयीची आस्था मोजण्याची निकड वाढली.

५/१०
१९७३ मध्ये मायकेल मॅलोनी आणि मायकेल वॉर्ड यांनी १३० विधानांची प्रश्नावली मांडली. तिचे चार भाग होते : काय करण्याची तयारी आहे, प्रत्यक्षात काय करता, काय वाटते आणि काय ठाऊक आहे. तयारी आणि कृती वेगळ्या मोजल्या, हे तिचे मोठेपण. निष्कर्ष कडू होता : लोकांची तयारी पुष्कळ, तळमळही बरीच, कृती मात्र थोडी आणि माहिती त्याहून थोडी.

६/१०
१९७८ मध्ये रायली डनलॅप आणि केंट व्हॅन लीअर यांची १२ विधानांची मोजपट्टी आली. २००० मध्ये ती १५ विधानांची झाली. ती जगभर वापरली गेली. पण ती माणसाची निसर्गाविषयीची दृष्टी मोजते, त्याचे वर्तन नव्हे. हा भेद अनेकदा विसरला जातो.

७/१०
इतिहासप्रेमींना आवडेल असा मार्ग एका पुरातत्त्वज्ञाने काढला. विल्यम रॅथजी यांनी १९७३ पासून ॲरिझोनातील टूसॉन शहरात घरोघरचा ताजा कचरा तपासायला घेतला. प्राचीन नगरांचे उकिरडे वाचणारी विद्या त्यांनी जिवंत शहराला लावली. लोक सांगत त्याहून बिअरचे डबे कचऱ्यात अधिक निघत.

८/१०
मग लोक खोटे बोलतात का? नेहमीच नाही. आठवण दगा देते. ‘बहुधा’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा निराळा असतो. शिवाय चारचौघांत शोभेल असे उत्तर देण्याची ओढ असतेच. ही ओढ मोजणारी प्रश्नावली डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये तयार केली होती.

९/१०
१९९८ मध्ये फ्लोरियन कायझर यांनी वेगळा विचार मांडला. मते विचारण्याऐवजी कृती विचारा आणि प्रत्येक कृती किती अवघड आहे हेही मोजा. खोलीतला दिवा मालवणे सोपे. मोटारीविना राहणे कठीण. परीक्षेत अवघड गणित सोडवणाऱ्याला सोपे बहुधा येतेच, तसेच इथेही. हे गणिती प्रारूप डॅनिश गणितज्ञ गेऑर्ग राश यांचे, १९६० चे.

१०/१०
२०१४ मध्ये क्रिस्टीन कॉर्मॉस आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. लोकांनी सांगितलेले वर्तन आणि प्रत्यक्ष मोजलेले वर्तन यांचा सहसंबंध ०.४६ निघाला. म्हणजे माणसामाणसांच्या वागण्यातील फरकाचा सुमारे पाचवा हिस्साच उत्तरांतून उलगडतो. अशा आकड्यांवर सरकारे मोहिमा आखतात, पैसा खर्च करतात. माप चुकले तर उपायही चुकतो. म्हणून ‘इतके टक्के लोक पर्यावरणस्नेही’ असे वाचाल, तेव्हा दोन गोष्टी विचारा : प्रश्न मताचा होता की कृतीचा? आणि कचऱ्याची टोपली किंवा विजेचा मीटर कुणी पाहिला होता का?