हैराण : सुफींच्या दरीतून मराठीच्या शिवारात

‘कामानं हैराण झालो’ म्हणताना आपण सुफी साधनेतली फार वरची पायरी उच्चारत असतो, हे माझ्या ध्यानात आलं ते खुलताबादच्या नादानं.

हे गाव पूर्वी नुसतं रौजा. सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू 1337) आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे इथे आहेत; शिराझींच्या आवारात औरंगजेबाची कबर. निजामुद्दीन औलियांची वचनं टिपून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्झीही याच मातीत विसावले. या मंडळींच्या फारसीत ‘हैरत’ म्हणजे ईश्वरापुढे बुद्धी थिजणं; जिची थिजते ती व्यक्ती ‘हैरान’, आपला हैराण. फारसी सुफी कवी अत्तारच्या काव्यात पक्ष्यांना सात दऱ्या ओलांडाव्या लागतात, त्यांतली सहावी हैरतीची.

शब्द मूळचा अरबी. त्याच्या धातूत वाट न सुचून जागीच घुटमळण्याचा भाव आहे. त्याच कुळातला ‘हाइर’ म्हणजे पाणी साचून घुमत राहतं तो सखल भाग. इंग्रजीचा ‘बिविल्डर’ माणसाला रानात चकवतो, ‘अमेझ’ आणि भूलभुलैयाचा ‘मेझ’ सख्खे. आपलं चक्रावणंही त्याच गोतातलं.

मग मराठीत हा चक्रावलेला गडी दमला कसा?

एक सोपं उत्तर असं, की गोंधळलेला माणूस दमतोच, म्हणून अर्थ आपोआप घसरला. मला हे पटत नाही. तसं असतं तर भांबावलेलाही एव्हाना थकलेला झाला असता. माझा संशय ‘हैरान-परेशान’ या जोडीवर आहे. जोडशब्दात एकाचा अर्थ दुसऱ्याला लागतो. परेशानचा त्रास हैरानला चिकटला. गुजरातीत ‘हेरान’ त्रासलेलाच, कानडीतला ‘हैराण’ही थकलेला. तेव्हा ही करणी एकट्या मराठीची नव्हे. बाजारात आणि छावणीत या भाषा एकमेकींच्या कानाला लागल्या, तिथली असावी. आणि हा परेशान तरी कुठला मूळचा त्रासिक? फारसीत तो आधी विस्कटलेला, पांगलेला. केसही परेशान असतात.

‘न’चा ‘ण’ झाला, तेही छावणीकडेच बोट दाखवतं. दिवाण, निशाण या दरबारी-लष्करी शब्दांच्या पंगतीत हैराण शोभतो. मात्र मैदान आणि फर्मान त्याच पंगतीतले असून ‘न’ सोडत नाहीत, म्हणून या पुराव्यावर मी फार भार टाकत नाही. शिवाय मराठी जीभ असल्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. ‘खुल्द’ म्हणजे स्वर्ग. मरणोत्तर ‘खुल्दमकान’ म्हटल्या गेलेल्या बादशहाच्या कबरीमुळे रौजाचं खुल्दाबाद झालं आणि मराठीनं त्याचं सरळ खुलताबाद करून टाकलं.